पाव परत आला तेव्हा

१८८७ च्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीटवरच्या मुलांच्या हॉस्पिटलात सॅम्युअल जी नावाच्या डॉक्टरांनी एक व्याख्यान दिलं. विषय होता लहान मुलांचा एक चिवट आजार. शी पातळ, फिकट, फेसाळ आणि वासाने खोली सोडून जावं अशी. हातापायांच्या काड्या, पोट मात्र नगाऱ्यासारखं. मूल महिनोन्महिने झिजत जातं आणि पुष्कळदा दगावतं. पुढच्या वर्षी हे व्याख्यान छापून आलं. त्यात जींचा एक निष्कर्ष होता: हा आजार बरा होणारच असेल, तर तो आहारानेच होईल.

इथपर्यंत ते शंभर टक्के बरोबर होते. पुढे त्यांनी यादी दिली. भात, साबुदाणा, कॉर्नफ्लोअर बंद. पाव चालेल, फक्त पातळ कापून दोन्ही बाजूंनी छान भाजलेला हवा. एका मुलाला त्यांनी रोज लिटरभराहून जास्त शिंपले खायला घातले होते. डच शिंपले, उत्तम प्रतीचे. मूल झकास सुधारलं. शिंपल्यांचा हंगाम संपला आणि ते परत आजारी पडलं. पुढच्या हंगामात त्याने शिंपल्यांना तोंड लावायलाच नकार दिला.

आज आपल्याला माहीत आहे की ही यादी जवळजवळ उलटी होती. या आजाराला आपण सिलिअ‍ॅक म्हणतो आणि त्यात भात, साबुदाणा, मका यांचा काही दोष नसतो. दोष असतो तो खरपूस भाजलेल्या त्या पावाचा. शिंपल्यांमध्ये औषधी असं काही नव्हतं. पोट शिंपल्यांनी भरल्यावर पावाला जागा उरली नसणार, एवढंच.

आहारात कारण आहे हे कळल्यापासून ते कारण म्हणजे गहू हे कळेपर्यंत साठेक वर्षं गेली. पाव रोज टेबलावर होता, मुलं रोज डॉक्टरांसमोर होती. मग इतका वेळ का लागला?

हा प्रश्न मला पडला तो माझ्या स्वतःच्या पोटामुळे. अडीच वर्षं माझं पोट दुपारनंतर फुगायचं, कळा यायच्या, मीटिंगमधून उठून जावं लागायचं. तपासण्या झाल्या, दुर्बिणीतून आतडं बघून झालं. सगळं 'नॉर्मल'. निदान झालं आयबीएस, म्हणजे आतडं दिसायला ठीक आहे पण वागायला नाही. मग सल्ले सुरू झाले. एका डॉक्टरांनी दूध बंद करायला सांगितलं. मावशीने वांगं आणि बटाटा. ऑफिसातल्या मित्राने गहू. जिमच्या ट्रेनरने साखर. कुणीतरी डाळ. प्रत्येक सल्ल्यात 'बंद कर' होतं. 'परत सुरू कधी करायचं' हे कुणीच सांगत नव्हतं. यादी एकाच दिशेने वाढत गेली आणि ताटात मऊ भात, मुगाचं वरण, ताक आणि केळं एवढंच उरलं. माझं वजन बासष्टवरून त्रेपन्न किलोवर आलं. लग्नाच्या पंगतीत बसायची भीती वाटायला लागली, कारण वाढणाऱ्या प्रत्येकाला काहीतरी स्पष्टीकरण द्यावं लागायचं.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. कोड अचानक बिघडला तर आम्ही शेवटचा बदल मागे घेतो. प्रोग्राम चालू लागला तरी 'बग सापडला' असं म्हणत नाही. तोच बदल परत टाकतो. परत बिघडला, तरच तो गुन्हेगार. ही दोन पावलं आहेत आणि दुसऱ्याशिवाय पहिल्याला फारसा अर्थ नाही. पोटाच्या बाबतीत मात्र जग पहिल्याच पावलावर थांबलेलं दिसत होतं. म्हणून मी इतिहास वाचायला घेतला. दुसरं पाऊल पहिल्यांदा कुणी टाकलं, हे मला शोधायचं होतं.

केळ्यांचा चमत्कार

एकाला पचतं ते दुसऱ्याला पचत नाही, हे माणसाला फार पूर्वीपासून माहीत आहे. हिपोक्रॅटिसच्या नावावर असलेल्या 'प्राचीन वैद्यक' या ग्रीक ग्रंथात चीजचं उदाहरण आहे. काहीजण ते पोटभर खातात आणि ठणठणीत राहतात, काहींना ते भलतंच बाधतं. म्हणजे चीज सरसकट वाईट आहे असं म्हणणं पुरेसं नाही, कुणाला आणि का हे बघायला हवं. आपल्याकडे चरकसंहितेत 'सात्म्य' हा शब्द आहे: ज्याला जे मानवतं ते. ज्ञान होतं, पण एका विशिष्ट माणसाला नेमकं काय बाधतं हे ठरवायची पक्की रीत नव्हती.

विसाव्या शतकात यादी बनवण्याला वेग आला. कॅलिफोर्नियातल्या ओकलंडमध्ये अल्बर्ट रो यांनी अ‍ॅलर्जीच्या रुग्णांसाठी 'एलिमिनेशन डाएट' बसवला: मोजक्या, सहसा न बाधणाऱ्या पदार्थांवर माणसाला ठेवायचं आणि मग एकेक पदार्थ वाढवत जायचं. १९३१ साली त्यांचं 'फूड अ‍ॅलर्जी' हे पुस्तक आलं. शब्दात 'एलिमिनेशन' असलं, तरी या रीतीचा जीव 'वाढवत जाण्यात' होता. लोकांनी पहिला अर्धा भाग तेवढा उचलला.

सिलिअ‍ॅकच्या मुलांसाठी त्या काळातला सर्वांत गाजलेला उपाय मात्र वेगळाच होता. न्यूयॉर्कचे सिडनी हास यांनी १९२४ मध्ये दहा मुलांची हकिगत प्रसिद्ध केली. आठ मुलांना त्यांनी केळ्यांचा आहार दिला, ती सगळी सुधारली. दोघांना दिला नाही, ती दोघं गेली. ज्या आजारात मूल हातचं जातं तिथे हा चमत्कारच होता. हासांच्या आहारात पाव, बटाटे आणि बाकीचे पिठूळ पदार्थ बंद होते. त्याने हजारो मुलं जगली असतील, यात शंका घ्यायचं कारण नाही.

पण श्रेय केळ्यांना मिळालं. केळ्यांमध्ये काहीतरी खास आहे, असंच मानलं गेलं. मूल सुधारलं की आजार गेला असं समजून त्याला पुन्हा नेहमीचं जेवण, म्हणजे पावही सुरू होऊ शकत होता. परत त्रास झाला तर बोट कशाकडे दाखवायचं? एकाच वेळी दहा गोष्टी बंद केल्या होत्या. त्यातली कोणती खरी दोषी, हे एकेक परत खाऊन बघितल्याशिवाय कळणार नव्हतं.

हेगचा डॉक्टर आणि भुकेचा हिवाळा

विलेम-कारेल डिके १९३६ मध्ये नेदरलंड्समधल्या हेग शहरातल्या युलियाना बालरुग्णालयाचे प्रमुख झाले. वय एकतीस. एका तरुण आईने त्यांना सांगितलं होतं की, पाव बंद केला की माझ्या मुलाच्या अंगावरचं पुरळ लगेच कमी होतं, अशी आठवण सांगितली जाते. डिकेंनी ते कानाआड केलं नाही. महायुद्धाच्या आधीच त्यांनी काही मुलांना गव्हाशिवाय ठेवून बघायला सुरुवात केली होती.

मग १९४४ चा हिवाळा आला. सप्टेंबरमध्ये डच रेल्वे कामगारांनी संप केला, त्याचा सूड म्हणून जर्मनांनी पश्चिमेकडच्या शहरांचा अन्नपुरवठा तोडला. थंडीत कालवे गोठले. लोकांनी ट्यूलिपचे कंद उकडून खाल्ले. फेब्रुवारीत माणशी रेशन दिवसाला सहाशे कॅलरींच्याही खाली गेलं. वीस हजारांच्या आसपास माणसं मेली. या भुकेच्या हिवाळ्याची गोष्ट वैद्यकाच्या पुस्तकांत नेहमी सांगितली जाते ती अशी: शहर उपाशी होतं, पाव मिळत नव्हता, आणि सिलिअ‍ॅकची मुलं मात्र सुधारत होती. पुढे मदतीचा पाव आला आणि ही मुलं पुन्हा आजारी पडली.

गोष्ट सुरस आहे, म्हणून ती 'दुष्काळात अचानक लागलेला शोध' अशी सांगितली जाते. पण डिकेंना संशय आधीपासून होता. हिवाळ्याने त्यांच्या संशयाला दुजोरा दिला. आणि गोष्टीतलं महत्त्वाचं वाक्य पाव नाहीसा झाल्याचं नाही, पाव परत आल्याचं आहे. पाव नव्हता तेव्हा आणखीही पुष्कळ काही नव्हतं.

डिके तिथेच थांबले असते तर तीही एक आख्यायिकाच राहिली असती. युद्ध संपल्यावर त्यांनी कंटाळवाणं काम हाती घेतलं. मुलांना महिनोन्महिने ठरावीक आहारावर ठेवायचं. गहू काढायचा, वजनाचा आलेख बघायचा. गहू द्यायचा, परत बघायचा. मग राय, मग तांदूळ, मका, बटाटा. उट्रेख्टमधले रसायनतज्ज्ञ व्हान डे कामर यांनी विष्ठेतली चरबी मोजायची सोपी रीत शोधली होती. डॉक्टर वेयर्स यांच्यासह या तिघांनी मुलांची शी गोळा करून, आतड्याने किती चरबी शोषली आणि किती वाया घालवली, याचे आकडे काढले. 'पोट बिघडलं' या वाक्याला पहिल्यांदाच एक मोजमाप मिळालं.

१९५० मध्ये डिकेंचा प्रबंध आला. पुढच्या दोन-तीन वर्षांत चित्र आणखी स्पष्ट झालं. गव्हाचा स्टार्च दोषी नव्हता. कणीक नळाखाली धरून धूत राहिलं की पांढरं पाणी निघून जातं आणि हातात रबरासारखा चिवट गोळा उरतो, तो ग्लूटेन दोषी होता. कुरडयांसाठी गव्हाचा चीक काढताना आपल्या घरांत ढोबळपणे हीच विभागणी होते. (चिकातही ग्लूटेन थोडंफार राहतंच, त्यामुळे सिलिअ‍ॅक असलेल्यांनी कुरडई खाऊन बघू नये.) १९५२ मध्ये इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या डॉक्टरांनी स्वतंत्रपणे हेच दाखवलं. १९५० च्या दशकात आतड्याचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघता येऊ लागला, तेव्हा आतल्या मखमलीसारख्या केसाळ अस्तराचं सपाट मैदान झालेलं दिसलं. १९९७ मध्ये शरीर स्वतःच्याच कोणत्या एन्झाइमवर हल्ला करतं तेही सापडलं. आज साध्या रक्ततपासणीने सिलिअ‍ॅकचा संशय पक्का किंवा दूर करता येतो.

वायूची वही

सिलिअ‍ॅकच्या बाबतीत निदान खूण तरी दिसते. माझ्यासारख्यांच्या आतड्यात काहीच दिसत नाही. तिथे पुरावा म्हणजे माणसाची स्वतःची नोंद. या नोंदीचा एक भन्नाट नमुना अमेरिकेतल्या मिनियापोलिसचा आहे. तिथले डॉक्टर मायकेल लेव्हिट आयुष्यभर आतड्यातल्या वायूंचा अभ्यास करत होते. त्यांच्याकडे एक तरुण रुग्ण आला. तक्रार: फार पादतो. लोक हसतील अशी तक्रार, पण हा गडी दोन वर्षं नोंद ठेवत होता. दिवसाला सरासरी ३४ वेळा. तुलनेसाठी घेतलेल्या निरोगी पुरुषांची सरासरी १४ च्या आसपास. १९७६ मध्ये हे एका मातब्बर वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. दुधातली साखर, लॅक्टोज, त्याला पचत नव्हती असं निघालं. दूध कमी केलं की आकडा उतरायचा.

तीन वर्षांनी याच रुग्णावर दुसरा लेख आला. त्यात एकेक पदार्थ तपासून कोणता किती वायू करतो याचा हिशोब होता. लेव्हिट यांच्या जोडीला पहिलं नाव छापलं होतं सुटाल्फ. हे नाव रोमन लिपीत लिहून उलटं वाचलं की 'फ्लॅटस' होतं, म्हणजे वायू.

हा लेख वाचून मी खूप हसलो आणि मग माझी स्प्रेडशीट उघडली. कारण त्या वहीने दोन गोष्टी केल्या होत्या ज्या आपल्या आठवणीला जमत नाहीत. एक म्हणजे उशीर. काही पदार्थ मोठ्या आतड्यात पोहोचून आंबायला कित्येक तास लागतात. रात्री नऊला पोट फुगलं की आपण आठच्या चहावर आळ घेतो आणि दुपारची चवळीची उसळ निर्दोष सुटते. दुसरी गोष्ट म्हणजे मात्रा. अर्धा कप दूध आणि दोन ग्लास दूध हे पोटाच्या दृष्टीने दोन वेगळे पदार्थ असतात.

कांदेनवमी ते कार्तिकी एकादशी

ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठात पीटर गिब्सन आणि आहारतज्ज्ञ सू शेफर्ड यांनी सुटे सुटे दुवे एका माळेत ओवले. लॅक्टोज, फळांमधला जास्तीचा फ्रुक्टोज, कांदा-लसूण-गव्हातले फ्रुक्टन, कडधान्यांमधले गॅलॅक्टन, साखरेऐवजी वापरले जाणारे सॉर्बिटॉलसारखे गोड पदार्थ. या सगळ्या आखूड साखळीच्या शर्करा. लहान आतड्यात त्या नीट शोषल्या जात नाहीत, पाणी ओढून घेतात, मग मोठ्या आतड्यातले जंतू त्यांचा वायू करतात. तो सगळ्यांच्याच पोटात होतो. आयबीएसवाल्याच्या आतड्याला तो ताण जास्त जाणवतो. २००५ मध्ये या गटाला फॉडमॅप हे नाव मिळालं.

ही यादी वाचताना मला आमचं घर आठवलं. आजी चातुर्मास पाळायची. आषाढात कांदेनवमीला कांद्याची भजी, कांद्याचं थालीपीठ, कांदेभात असं सगळं एकदाच करून घ्यायचं आणि मग चार महिने कांदा, लसूण, वांगं बंद. कार्तिकी एकादशी झाली की परत. उद्देश धर्माचा होता, पोटाचा नव्हता. पण काढायचं आणि ठरलेल्या दिवशी परत आणायचं, असा प्रयोगाचा सांगाडा महाराष्ट्रातल्या कित्येक घरांत दरवर्षी उभा राहत होता. वही तेवढी नव्हती.

स्वयंपाकघराला इतरही पुष्कळ कळत होतं. कडधान्य भिजवून पाणी फेकून दिलं की त्या शर्करा बऱ्याच निघून जातात, मोड आणले की आणखी कमी होतात. दही लागताना जंतू थोडं लॅक्टोज खातात आणि उरलेलं आपल्या पोटात पचवायलाही मदत करतात, म्हणून दूध न सोसणाऱ्याला ताक चालतं. फ्रुक्टन पाण्यात विरघळतं, तेलात नाही. म्हणून लसूण तेलात परतून काढून टाकला तर चव राहते आणि त्रास टळतो, रश्श्यात शिजवला तर टळत नाही. पण याच घरांत 'वातूळ' म्हणून वाल आणि बटाटा एकाच ओळीत बसतात. वालाचं खरं आहे, बटाटा बिचारा निर्दोष आहे. जींच्या यादीसारखीच ही यादी: बरोबर आणि चूक शेजारी शेजारी, कारण परत खाऊन कुणी नोंद केली नव्हती.

मोनॅशवाल्यांनी ती केली. २००८ च्या प्रयोगात, आहाराने बरं वाटलेल्या २५ रुग्णांना त्यांनी पेयं दिली. कशात फ्रुक्टोज, कशात फ्रुक्टन, कशात दोन्ही, कशात नुसतं ग्लुकोज. काय पितोय हे रुग्णाला माहीत नाही, देणाऱ्यालाही नाही. पहिल्या तीन पेयांवर सत्तर ते ऐंशी टक्के लोकांचा त्रास परतला, ग्लुकोजवर १४ टक्क्यांचा.

पुढचा भाग मला सगळ्यांत जास्त आवडतो. याच गटाने २०११ मध्ये दाखवलं होतं की सिलिअ‍ॅक नसलेल्या काहींनाही ग्लूटेन बाधतं. जगभर ग्लूटेनमुक्त बिस्किटांची लाट आली होती. २०१३ मध्ये त्यांनी स्वतःचाच निष्कर्ष परत तपासला. ३७ जणांना आधी कमी फॉडमॅपच्या आहारावर आणलं. सगळ्यांना बरं वाटलं. मग गुपचूप जास्त ग्लूटेन, थोडं ग्लूटेन किंवा अजिबात नाही. तिन्ही वेळा त्रास सारखाच वाढला, ग्लूटेन नसतानाही. 'आता त्रास होणार' या धास्तीनेही पोट दुखतं. २०१८ मध्ये ऑस्लोच्या संशोधकांनी ५९ जणांवर प्रयोग करून दाखवलं की 'ग्लूटेन बाधतं' म्हणणाऱ्यांना जास्त त्रास फ्रुक्टनचा होतो. म्हणजे गहू बाधत असेल, पण ज्याच्या नावाने तो बदनाम झाला त्या कारणाने नाही.

दुसरं पाऊल

मला भेटलेल्या आहारतज्ज्ञ बाईंनी पहिल्याच भेटीत विचारलं, "चपाती पूर्ण बंद आहे का?" हो म्हटल्यावर त्यांनी ती काही आठवडे परत सुरू करायला लावली आणि मग सिलिअ‍ॅकची रक्ततपासणी केली. गहू बंद असताना ती तपासणी खोटा दिलासा देऊ शकते. उत्तर भारतात शंभरात साधारण एकाला हा आजार आहे, दक्षिणेत हजारात एकाला. तरी आधी तपासणी, मग पथ्य, हाच क्रम. माझी निगेटिव्ह आली. मग चार आठवडे कमी फॉडमॅप. त्यानंतर त्या म्हणाल्या, "आता खरं काम. तीन दिवस एकच पदार्थ, रोज थोडा जास्त. मग सुट्टी. मग पुढचा."

ही दहा आठवड्यांची वही आता माझ्याकडे आहे. दूध: एक कप चालतं. वांगं: निर्दोष. बटाटा: निर्दोष. साखर: निर्दोष. तुरीचं वरण: वाटीभर चालतं. चपाती: दोन चालतात, चौथीला पोट कुरकुरतं. कांदा: चमचाभराच्या पुढे नाही. लसूण: तेलात चालतो. राजमा: नाही. अडीच वर्षांत बंद झालेल्या एकवीस गोष्टींपैकी सोळा परत आल्या. वजन साठवर आलं आहे.

'काय बंद करू?' असं कुणी विचारलं की आता मी उलट विचारतो: तपासणी झाली का, आणि परत कधी खाऊन बघणार आहेस? पहिल्या प्रश्नासाठी डॉक्टर लागतात. दुसऱ्यासाठी धीर लागतो, कारण ज्या घासाची वर्षभर भीती वाटली तो घास पुन्हा तोंडात घालायचा असतो. डिकेंच्या वॉर्डातल्या मुलांना गहू परत दिला गेला, ती काही दिवस पुन्हा आजारी पडली आणि त्यातून गव्हावरचा आरोप सिद्ध झाला. त्याच मुलांना भात, मका आणि बटाटाही परत दिला गेला. ते तिन्ही पदार्थ ज्या दिवशी आरोपातून सुटले, त्या दिवशी या मुलांना पहिल्यांदा पोटभर जेवता आलं.